नस म्हणजे नेमकी कोणती?

मी हाताची सर्जन. आमच्या ओपीडीत दिवसभर एक शब्द ऐकू येतो : नस. ‘मॅडम, नस दबलीय.’ ‘नस तुटलीय.’ ‘नस आखडलीय.’ आणि ज्यांना यातलं काहीच नक्की सांगता येत नाही, ते म्हणतात, ‘नसेचा कायतरी घोळ आहे बघा.’ यातलं कुणीच चुकीचं बोलत नाही. अडचण वेगळीच आहे. आपण ज्याला नस किंवा शीर म्हणतो, त्या एका शब्दात तीन बिऱ्हाडं राहतात. पहिलं रक्तवाहिनीचं. दुसरं चेतातंतूचं, म्हणजे मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी तार, आम्ही तिला नर्व्ह म्हणतो. तिसरं कंडरेचं, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी दोरी, टेंडन. मनगटाच्या आतल्या बाजूला ही तिन्ही अगदी खेटून राहतात. तिथं काच घुसली तर कुणाच्या घरात शिरली, हे शोधणं माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे जोडणं. पण पहिलं चुकलं की दुसऱ्याला अर्थ राहत नाही, म्हणून आज मी शोधण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

आता सगळ्यांनी एक करा. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं वळवा, सोडा. आत काहीतरी सरकतंय ना? बोट वळवणारा स्नायू तिथं आहे. बोटांच्या आत ती हलवणारा स्नायू नसतो, नुसत्या दोऱ्या असतात, कळसूत्री बाहुलीसारख्या. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वळवायला दोन दोऱ्या : एक मधल्या पेरापर्यंत जाते, दुसरी शेंड्यापर्यंत. एक तुटली तरी दुसरी बोट वाकवत राहते. आणि इथंच फसगत होते.

माझी झाली आहे. नवीन होते, रात्रपाळी होती. सोड्याची बाटली फुटून एका पोराच्या बोटाला काच लागली होती. जखम केवढी, तर सेंटिमीटरभर. मी म्हटलं, ‘मूठ वळ.’ त्यानं वळली. दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. तीन महिन्यांनी तो परत आला. बोटाचा शेंडा वळत नव्हता. शेंड्याला जाणारी दोरी तुटून वरचं टोक तळहातात ओढलं गेलं होतं आणि ती ज्या नळीतून सरकते त्या रिकाम्या नळीत जखमेचा कठीण पापुद्रा भरला होता. जी दोरी त्या रात्री सरळ जोडता आली असती, तिच्यासाठी पुढं दोन ऑपरेशनं लागली : पहिल्यात सिलिकॉनची कांडी घालून वाट तयार करायची, काही महिन्यांनी दुसऱ्यात दुसरीकडची कंडरा आणून तिथं ओवायची. त्या रात्री करायला हवी होती ती तपासणी पाच सेकंदांची आहे. मधलं पेर घट्ट धरायचं आणि म्हणायचं, आता फक्त शेंडा वाकव. एवढंच. मी ते केलं नाही.

आता मी हाताला हातसुद्धा न लावता आधी नुसतं बघते. हात सैल सोडला की बोटं पायऱ्यांसारखी वाकलेली दिसतात. तर्जनी सगळ्यात कमी वळलेली, करंगळी सगळ्यात जास्त. एखादं बोट त्या रांगेतून सुटून सरळ उभं असेल तर दोरी तुटली, असं समजूनच पुढं जायचं. यासाठी पेशंटनं सहकार्य करावं लागत नाही. लहान मूल रडत असो, नाहीतर माणूस पिऊन आलेला असो, बोटं खोटं बोलत नाहीत. चेतातंतूचंही तसंच. बोट बधिर आहे का, हे तीन वर्षांच्या मुलाला विचारून काय कळणार? त्याची बोटं पाण्यात बुडवून ठेवायची. बायका भांडी घासून उठल्या की बोटांना सुरकुत्या पडतात ना, तशा ज्या बोटाला पडत नाहीत, त्याची तार तुटलेली असण्याचा संशय घ्यायचा. त्या बोटाला घामही येत नाही, ते कोरडं लागतं. आणि रक्तवाहिनीसाठी नखावर दाबायचं. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं.

‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात, म्हणून की काय, आपल्याकडे हात दाखवायला लोक फार उशीर करतात. त्यातही बायका.

दबलेली नस म्हणजे बहुतेक वेळा काय असतं, ते सांगते. एक मावशी आल्या. पंधरा वर्षं खानावळीत भाकऱ्या करणाऱ्या. ‘रातच्याला हात मरतोय बघा. उठून झाडला की परत येतोय.’ हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालं. मनगटात हाडांची एक पन्हळ आहे, तिच्यावर जाड पट्टा ताणून बसवलेला आहे. त्या बोगद्यातून नऊ दोऱ्या आणि एक चेतातंतू जातो. दोऱ्यांवरची आवरणं सुजली की जागा कमी पडते, आणि चेतातंतू सगळ्यात मऊ, म्हणून चेपला जातो तोच. हा कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांत तो जास्त दिसतो. मावशींना मी दुसरा प्रश्न विचारला, ‘करंगळीला मुंग्या येतात का?’ त्यांनी जरा आठवून बघितलं, म्हणाल्या, ‘न्हाई, तेवढी सोडून.’ हा चेतातंतू अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढंच सांभाळतो. करंगळीचा मालक दुसरा. तो कोपरामागून जातो, कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या त्याच्या. नुसत्या करंगळीला मुंग्या असतील तर मी मनगट सोडून कोपर बघते.

मावशींच्या पिशवीत मानेचा एमआरआय होता. महागडा. त्यात ‘मणक्यात झीज’ लिहिलं होतं. पन्नाशीत कुणाचाही काढा, काहीतरी झीज दिसतेच. मान कधीकधी खरंच कारण असते, मी नाही म्हणत नाही, पण आधी मनगट एक मिनिट पूर्ण वाकवून बघायचं, मुंग्या येतात का. तळहाताच्या मुळाशी अंगठ्यानं दाबून बघायचं. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दोन्ही हातांवर सारखा भरलाय का, बघायचं. तो बसलेला दिसला तर चेतातंतूनं हात टेकायला सुरुवात केली आहे. मग रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन, यांत वेळ घालवायचा नाही. ऑपरेशन म्हणजे तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरची चीर आणि तो पट्टा कापून मोकळा करणं. जागेपुरती भूल, पंधरा-वीस मिनिटं. मुंग्या पुष्कळदा त्याच रात्री थांबतात. बसलेला उंचवटा मात्र परत भरेलच, याची खात्री मी देत नाही. उशिरा येणाऱ्यांवर रागवते, ते त्यामुळेच.

बाकीच्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. सकाळी बोट वळलेलंच अडकतं आणि ओढलं की खटकन सुटतं, तो ट्रिगर फिंगर. दोरी जिथं नळीत शिरते तिथली कडी घट्ट झालेली असते. साखर तपासून घ्या. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं, तो बाळंतवात नव्हे. बाळाला काखांत हात घालून उचलताना अंगठ्याच्या दोऱ्या घासतात. फ्रिट्झ द केर्व्हें या स्विस सर्जननं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं आहे. बाळाच्या खाली तळहात घालून त्याला उचला. आणि पडून मनगट दुखतंय, पण एक्सरे ‘नॉर्मल’, असं असेल तर अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथं दाबा. दुखलं तर दहा-पंधरा दिवसांनी परत एक्सरे काढा. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे, त्याची चीर पहिल्या फोटोत लपून बसते.

आता तुमच्या गावचं. इचलकरंजीत बोलायचं आणि यंत्रमागाचं नाव काढायचं नाही, असं कसं? मागाची गिअर, शेतात कडबाकुट्टी आणि मळणीयंत्र, उन्हाळ्यात रसवंतीचा चरक. बोट तुटलं तर काय करायचं, हे मी शाळेत जाऊनही सांगते, कारण चूक दरवेळी तीच होते : बोट नुसत्या बर्फात टाकून आणतात. बर्फ थेट लागला की ते गोठतं, आणि गोठलेलं बोट मेलेलं असतं. बोट स्वच्छ पाण्यानं धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. असं ठेवलेलं बोट चोवीस तासांपर्यंत टिकू शकतं, कारण त्यात स्नायू नसतात. मघाशी बघितलंच आपण. कोपरापासून तुटलेला हात मात्र साध्या तापमानाला सहा तासांत हातचा जातो. जखमेवर हळद, कॉफी, तंबाखू काही भरू नका. कापड दाबून धरा, हात वर ठेवा. दोरीनं करकचून बांधू नका.

जोडतात कसं? बोटातली धमनी मिलिमीटरभर असते. तिला सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षाही बारीक धाग्यानं टाके घालायचे. १९६२ मध्ये बॉस्टनला रोनाल्ड माल्ट यांच्या चमूनं एका मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात जोडला. १९६५ मध्ये जपानमध्ये नारा इथं कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. तरीही प्रत्येक बोट मी जोडत नाही, आणि त्यावरून नातेवाइकांशी वाद होतात. धारदार पात्यानं कापलेलं बोट वेगळं, चरकातून चिपाड होऊन निघालेलं वेगळं. चिरडलेलं एकच बोट जोडून ते सहा महिने ताठ राहणार असेल तर ते बाकीच्या तिघांच्याही कामात आडवं येतं. अंगठ्याचं मात्र तसं नाही. त्याच्यासाठी शेवटपर्यंत धडपडायचं, कारण हाताच्या कामाचा साधारण ४० टक्के वाटा त्याचा धरतात. द्रोणाचार्यांनी काय मागावं, ते नीट हिशेब करूनच मागितलं होतं.

एक जखम अशी आहे, की ती बघून कंपाउंडरसुद्धा हसतो. ग्रीस गन किंवा रंगाच्या फवाऱ्याचं तोंड बोटाला लागलं, टाचणीएवढं भोक, रक्तही नाही. आत मात्र दाबानं ग्रीस तळहातापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत उघडून धुतलं नाही तर बोट जातं. दुसरी भीती हाडवैद्याच्या कामट्यांची. मूल पडून कोपराजवळ हाड मोडतं, कामट्या आवळून बांधल्या जातात, आत सूज वाढते आणि स्नायूंचं रक्त बंद होतं. फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्येच हे लिहून ठेवलं, तरी अशा आवळण्यातून झालेली वाकडी, आखडलेली बोटं आजही आमच्याकडे येतात. बांधल्यावर मूल रडायचं थांबत नसेल आणि त्याची बोटं सरळ करताना ते किंचाळत असेल, तर बांधलेलं सगळं त्याच क्षणी सोडा. हाड नंतर बसवता येतं.

चिरडलेल्या हाताची हाडं धरून ठेवायला मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि जोडकड्यांची बाहेरून बसवायची एक स्वस्त चौकट तयार केली, जेस म्हणतात तिला. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिनं कितीतरी हात वाचवले.

दोऱ्या जोडण्याची पद्धत माझ्या डोळ्यांदेखत बदलली. आम्हाला शिकवलं होतं, बोटात ॲड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं औषध, टोचलं तर बोट काळं पडेल. ही भीती प्रोकेन या भुलीच्या जुन्या औषधाच्या काळातली. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी ती खोडून काढायला पुष्कळ खटपट केली. आता भुलीच्या औषधातच ते मिसळतो, रक्त कमी येतं, दंडाला पट्टा आवळावा लागत नाही आणि पेशंट पूर्ण जागा असतो. दोरी जोडली की मी म्हणते, ‘काका, बोट वळवा.’ गाठ कुठं अडकते, टाका सुटतो का, तिथंच दिसतं, आणि जखम बंद करायच्या आधी दुरुस्त करता येतं. शिवाय काका स्वतःचं बोट हलताना बघतात. पुढचे तीन महिने व्यायामाला येतात ते त्यामुळे, असं आपलं माझं मत. पहिले सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, आणि ठरवून दिलेली हालचाल. हलवलंच नाही तर दोरी चिकटते, जोर लावला तर तुटते. बारा आठवड्यांआधी घागर उचलायची नाही.

चेतातंतूचं गणित याहून संथ. जोडल्यावर तो जागच्या जागी चिकटत नाही, वरून पुन्हा उगवत खाली येतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. वाट बघून तो आलाच नाही तर चालणाऱ्या स्नायूची एखादी दोरी उसनी घेऊन लुळ्या बोटाला लावता येते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांसाठी हे काम सुरू केलं, आणि बोटं झडतात ती रोगानं नव्हे, बधिर हाताला चटके आणि जखमा होत राहतात म्हणून, हेही त्यांनीच ठासून सांगितलं.

माझ्याकडे सध्या एक ऊसतोड कामगार येतात. कोयता मनगटावर बसला, चेतातंतू पूर्ण कापला गेला होता. जोडल्यानंतर मी त्यांना एक पेन दिलं. बोटानं मनगटापासून खाली टिचक्या मारत जायचं, जिथं झिणझिणी उठते तिथं पोचलाय तो. महिन्यातून एकदा खूण करायची. पहिल्या महिन्यात खूण हललीच नाही, ते वैतागले. मग हलायला लागली. परवा आले तेव्हा तळहात ओलांडून मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर होती. पेन संपलं म्हणून दुसरं मागून घेऊन गेले.