आजीच्या घरी कोण जातं?

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात ठाण्याहून आलेल्या एका पाळकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी, आणि जय ख्रिस्त.

काल तुमच्यापैकी एकांकडे जेवायला होतो. कुणाकडे ते सांगत नाही, कारण तो प्रश्न इथल्या कुठल्याही घरात विचारला गेला असता. भरली वांगी, भाकरी, ठेचा, सगळं प्रेमाने केलेलं. जेवता जेवता घरातल्या लहान मुलीने मला विचारलं, "तुम्ही ठाण्यात आमच्या आजीकडे जाता ना? म्हणून बाबांना जावं लागत नाही का?"

विचारण्यात टोमणा नव्हता. कुणाचं काम कोण करतं, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. आज मी नाताळच्या फराळाबद्दल आणि तलावपाळीच्या जुन्या दिवसांबद्दल बोलणार होतो. ते राहू दे.

पाळक म्हणजे रविवारी उपदेश करणारा, असं अनेकांना वाटतं. आमचा बराचसा आठवडा मात्र जिने चढण्यात जातो. नौपाडा, चरई, कोपरी. लिफ्ट नसलेल्या इमारती, आणि आतून कडी निघेपर्यंतचा तो वेळ. टीपॉयवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या बाजूला सारून तिथेच प्रभुभोजन मांडायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. मग बायबलमधलं ७१वं स्तोत्र वाचायचं. म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरत आली असता मला सोडू नकोस, असं त्यात देवाला विनवलं आहे. ते वाचताना समोरची बाई देवाकडे बघत नसते, भिंतीवरच्या नातवंडांच्या फोटोकडे बघत असते. नंतर हयातीचा दाखला. नोव्हेंबरात पेन्शनसाठी तो लागतो आणि झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. या कामाला मी प्रभुभोजनापेक्षा कमी मानत नाही.

बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. सगळं गमावून तो राखेत बसला, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. पुढे ते बोलायला लागले आणि त्यांनी सगळं बिघडवलं. देवही शेवटी त्यांच्यावर रागावला. पण ते सात दिवस माझ्या मते आमच्या सेवेचा पाया आहेत. जाऊन बसणं. दुखणाऱ्याच्या उंचीवर उतरून बसणं.

तुम्ही म्हणाल, आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो. करता, मला माहीत आहे. मावशी त्याच्या आधी केस विंचरून बसतात, तेही मी पाहिलंय. पण कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, सुजलेले पाय दिसत नाहीत. फ्रिजमधली चार दिवसांची आमटी दिसत नाही.

आणि आता जरा रागावणार आहे, मोठा म्हणून तेवढा हक्क घेतो. नाताळ आला की तुमच्याकडून चर्चला देणगी येते. तुमच्यातले जे ख्रिस्ती नाहीत ते देवळाला, शाळेला, वृद्धाश्रमाला देतात. चांगलंच आहे. पण मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू ज्यांच्यावर चिडतो ते चोर किंवा खुनी नाहीत, धार्मिक माणसं आहेत. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते 'देवाला अर्पण' म्हणून टाकायचं आणि आईबापांच्या बाबतीत मोकळं व्हायचं, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. माणसांच्या परंपरेने देवाची आज्ञा रद्द केलीत, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. काल त्या मुलीने मला विचारलं तेव्हा हा अध्याय आठवला. आमची सेवा तुमच्यासाठी अशी सोय झाली असेल, तर ते मला सहन होणार नाही.

यावर एका गृहस्थांनी मला वधस्तंभावरचा प्रसंग सांगितला. येशूनेही आपली आई शिष्याच्या हाती सोपवली होती, आणि त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. बरोबर. पण येशू तेव्हा मरत होता. आणि आई त्याच्या समोर उभी होती.

आपल्या ठाण्याचीच एक जुनी हकिकत सांगतो. १३२१ साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू ठाण्यात मारले गेले. परमुलखातली माणसं, रक्ताचं कुणी जवळ नाही. जॉर्डेनस नावाच्या धर्मबंधूने त्यांना वसईजवळच्या सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा साधू आला, त्याने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या. मेलेल्यांसाठी माणूस एवढा प्रवास करतो. आमच्याकडे दफनाच्या वेळी कुणीतरी फोन उंच धरून उभं असतं, कारण मुलगा तिकडून बघतोय. मूठभर माती त्याच्या वतीने मी टाकतो. टाकीन, नेहमीच टाकीन. पण आई जिवंत असताना या रे.

तिला इकडे आणावं, हे बोलणं सोपं आहे. सहा महिन्यांच्या व्हिजिटवर येऊन गेलेल्या आज्यांशी मी बोललोय. दिवसभर घरात कुणी नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि शेजारणीला वाटीभर वरण द्यायची सोय नाही. ठाण्यात त्यांच्या दाराशी चाळीस वर्षांची शेजारीण असते. एका मावशींना ताप आला तेव्हा माझ्याआधी ती पोचली होती, वारकरी घरातली बाई, आणि तिने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आता त्याच इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. दोघींना दोन टोकांना भाड्याने राहावं लागणार. नवीन टॉवर उभा राहीपर्यंत त्यातली कोण असेल, कुणी सांगावं? आणि आमच्या मंडळीतली तरुण मुलंही व्हिसाच्या रांगेत आहेत. माझ्यानंतर जिने कोण चढणार, ते मला दिसत नाही.

निघताना एका मावशींनी निरोप दिलाय. त्यांचा मुलगा इथे नाही, दुसऱ्या राज्यात असतो. पुढच्या आठवड्यात मी त्याच्याकडे उतरणार आहे. "त्याला सांगा, मी मजेत आहे," एवढंच त्या म्हणाल्या. त्या मजेत नाहीत. निरोप त्यांचा आहे, तो मोडायचा अधिकार मला आहे का, हे अजून ठरत नाही. तुमच्यात कुणी अशा आईचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा आणि सांगा, तुम्हाला काय ऐकायला आवडलं असतं.