पारोची दशमी

(दृश्य: दगडी फरसबंदी अंगण. ढोलाचा ठेका. गर्दीत घुसलेला लाल मुखवट्यातला विदूषक.)

याच्यापासून जरा सांभाळून. हा आत्सरा. हातात लाकडी लिंग, तोंडात चावट विनोद, आणि मुखवटा असा की नाक आधी येतं, माणूस मागून. पोरं खिदळतात, म्हाताऱ्या पदराआड नव्हे, मोकळ्या तोंडाने हसतात. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवलाच असेल. पण गंमत नावात आहे. आत्सरा हा शब्द आला ‘आचार्य’ या संस्कृत शब्दावरून! भारतातून हिमालय ओलांडून गेलेल्या आचार्यांची आठवण भूतानने अशी जपली आहे.

हा भूतानमधल्या पारो गावचा उत्सव, त्सेचू. त्सेचू म्हणजे महिन्याचा दहावा दिवस. सरळ दशमीच म्हणा ना. आठव्या शतकात या भूमीत बौद्ध धर्म रुजवणारे पद्मसंभव, म्हणजे इथल्या लोकांचे गुरू रिनपोचे, यांचा हा दिवस. पारोत तो वसंतात येतो, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, आणि पाच दिवस चालतो. मागे उभा आहे तो रिनपुंग झोंग. सतराव्या शतकात भूतानला एकत्र बांधणारे लामा, शाबद्रुंग नगवांग नामग्याल, यांनी उभारलेला. अर्धा किल्ला, अर्धा मठ.

पुरुषांच्या अंगात घो, बायकांच्या अंगात किरा, ठेवणीतला. डबे उघडलेत. लाल भात, आणि मिरची-चीजची एमा दात्शी. तिच्यात मिरची तोंडी लावायला नसते, मिरची हीच भाजी! जेवणानंतर दोमा: विड्याचं पान, सुपारी, चुना. इथे मात्र आपल्याला अजिबात परकं वाटत नाही.

(दृश्य: मुखवटे घातलेले नर्तक. मधोमध यमाची भव्य प्रतिमा.)

आता अंगण शांत झालंय. राक्षा मार्छाम सुरू होतोय, मेलेल्यांच्या न्यायाचा नाच. मधोमध बसलाय शिंजे, म्हणजे आपला यम. समोर एक पापी, काळ्या कपड्यांत. एक काळा दैत्य त्याच्या पापांची यादी वाचतो, एक शुभ्र देव त्याची बाजू मांडतो. तराजूत खडे पडतात. पापाचे काळे, पुण्याचे पांढरे. पारडं झुकतं, आणि काळ्या कापडाच्या वाटेवरून त्याला ओढत नेतात. मघाशी आत्सराला हसणारी पोरं आता आईला चिकटली आहेत.

हे भय दाखवायचं कशाला? इथली श्रद्धा अशी, की मृत्यूनंतर जीवाला असेच अक्राळविक्राळ चेहरे भेटतात. जिवंतपणी ते पाहून ठेवले, तर तिथे माणूस बिचकत नाही. म्हणून तान्ही लेकरंही आणायची. ओळख जितकी लवकर, तितकी बरी.

पर्यटकांना भूतानने दार उघडलं १९७४ मध्ये, तेही किलकिलंच. भारतीयांना आजही माणशी, दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क पडतं. महाग वाटेल. पण या अंगणात उभं राहिल्यावर कळतं की खेळ आपल्यासाठी मांडलेलाच नाही. आपण कडेला उभे.

(दृश्य: काळोख. पावलांचा आवाज. तुपाचे दिवे.)

शेवटचा दिवस. उजाडायला अजून अवकाश आहे, बोटं गारठली आहेत, आणि रांग लागली आहे. भिक्षू दोर ओढतात. भिंतीवर हळूहळू उलगडतो थोंगद्रेल. रेशमी तुकडे जोडून शिवलेला कित्येक मजली पट, त्यावर गुरू रिनपोचे आपल्या आठ रूपांसह. थोंगद्रेल म्हणजे, ज्याच्या नुसत्या दर्शनाने मुक्ती मिळते तो. ना मंत्र पाठ हवा, ना अक्षरओळख. एकेक जण पुढे होतो, पटाची खालची कड कपाळाला लावतो, बाजूला सरतो.

घाई आहे ती उन्हाची. सूर्याचे किरण पटावर पडता कामा नयेत. उजेड समोरच्या डोंगरावरून खाली सरकू लागला, की पट गुंडाळायला घेतात.

हॉटेलातला नाश्ता आटोपून सावकाश नऊला येणाऱ्याला दिसते ती फक्त रिकामी भिंत. आणि तिच्यापुढे, दोमा चघळत, आज नाच कोण करणार याच्या गप्पा मारत बसलेल्या आज्या.