पाकिटावरचं मैदान: १९८७ चा अरीना फुटबॉल सीझन

टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळलात ना कधी? बॉल जाळीला लागून परत आला आणि कुणीतरी एका हाताने धरला, की मग तो आउट का नॉट आउट यावर अर्धा तास भांडण. आता तीच जाळी, फक्त बॅटऐवजी अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घातलेले आडदांड गडी आणि खाली आइस हॉकीचं रिंक, बर्फ झाकून त्यावर हिरवं टर्फ अंथरलेलं.

हे अरीना फुटबॉल, म्हणजे छपराखालचं अमेरिकन फुटबॉल, डोक्यात आलं जिम फॉस्टर या माणसाच्या. फेब्रुवारी १९८१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आत इनडोअर सॉकरची मॅच चालू. फॉस्टर तेव्हा एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, प्रमोशनचं काम बघायचा. त्याला वाटलं सॉकर जर छपराखाली खेळता येतं तर आपला फुटबॉल का नाही, आणि जवळ होतं त्या खाकी पाकिटावर त्याने तिथेच मैदान काढायला घेतलं.

गंमत बघा, हिशोब सगळा रिंकने घालून दिला. हॉकीचं रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. म्हणून मैदान ५० यार्डांचं, दोन्ही टोकांना ८-८ यार्डांचे एंड झोन (जिथे बॉल नेला की पॉइंट मिळतात ते पट्टे), झाले १९८ फूट, बसलं की बरोब्बर! नेहमीचं मैदान १०० यार्डांचं असतं, इथे अर्धंच, त्यामुळे ११ ऐवजी ८ खेळाडू, आणि त्यातले बरेचसे अटॅकलाही तेच आणि डिफेन्सलाही तेच, दम खायला सवडच नाही. साइडलाइनच्या जागी हॉकीच्याच फळ्या, त्यांना गाद्या बांधलेल्या, कारण पळता पळता माणूस त्यांच्यावर आदळणार हे ठरलेलंच.

आणि ती जाळी. गोलपोस्ट फक्त ९ फूट रुंद, एनएफएलच्या निम्म्याहून कमी, आणि दोन्ही बाजूंना उंच ताणलेल्या जाळ्या. किक हुकली, बॉल जाळीला लागून परत आला, तर खेळ थांबत नाही, बॉल जिवंतच, धरा आणि पळा. शिवाय पंट मारायला बंदी, म्हणजे चौथ्या डाउनला (पुढे सरकायच्या शेवटच्या प्रयत्नाला) बॉल लांब लाथाडून सुटका करून घ्यायची सोयच नाही, एकतर पुढे घुसा नाहीतर फील्ड गोल, म्हणजे किकने बॉल गोलपोस्टमधून, मारून बघा. माझ्या मते खरी करामत जाळीपेक्षा या बंदीची आहे, स्कोअर फुगतो तो हिच्यामुळे.

तरी पाकीट काही वर्षं पडूनच राहिलं. १९८३ मध्ये यूएसएफएल नावाची नवी लीग आली, फॉस्टर तिकडे नोकरीला गेला, १९८५ च्या सीझननंतर तीही बंद. मग १९८६ च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्डला एक ट्रायल मॅच घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात थेट लीग. उन्हाळाच का, तर हॉकी-बास्केटबॉल संपल्यावर ही भलीमोठी बंदिस्त स्टेडियमं तशीही रिकामीच असायची.

टीम चारच. पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स, वॉशिंग्टन कमांडोज, शिकागो ब्रुझर्स, डेन्व्हर डायनामाइट. प्रत्येकीला सहा मॅच, म्हणजे लीगच्या एकूण १२ आणि एक फायनल, खेळ खल्लास. आपल्याकडे सोसायटीच्या टुर्नामेंटला याहून जास्त टीम असतात!

१९ जून १९८७, पिट्सबर्गचं सिव्हिक अरीना, तेच ते उघडणाऱ्या स्टीलच्या घुमटाचं. पहिली मॅच पिट्सबर्ग विरुद्ध वॉशिंग्टन, आणि स्कोअर ४८-४६. बास, आणखी काय पाहिजे, लीगला याहून चांगली जाहिरात पैसे देऊनसुद्धा मिळाली नसती.

फायनल १ ऑगस्टला, पुन्हा पिट्सबर्गलाच, नाव अरीनाबोल. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि समोर टिम मार्कमच्या कोचिंगखालची डेन्व्हर. ४८-४६ सारखी रंगेल असं वाटत असेल तर नाही, डेन्व्हरने ४५-१६ असं सरळ धुतलं पिट्सबर्गला. मॅचचा हिरो डेन्व्हरचा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलून पळणारा) गॅरी मलन.

आता पुढचं ऐका. १९८८ चा सीझन सुरू झाला तेव्हा लीगमध्ये सहा टीम होत्या आणि त्यात डेन्व्हर नव्हती! चॅम्पियन टीम दुसऱ्या वर्षी मैदानातच नाही (१९८९ ला परत आली, ते वेगळं). वॉशिंग्टनही नव्हती. मार्कम गेला डेट्रॉइट ड्राइव्ह या नव्या टीमकडे, आणि त्या वर्षीची ट्रॉफी तिकडे, फायनलमध्ये शिकागोला २४-१३ ने हरवून.

फॉस्टरला या खेळाचं पेटंट मिळालं १९९० मध्ये. आणि ती घरच्या मैदानात मार खाल्लेली पिट्सबर्ग? ती १९९० पर्यंत तिथेच खेळली, मग फ्लोरिडात टॅम्पाला गेली, नाव बदलून टॅम्पा बे स्टॉर्म झाली, आणि तिथल्या पहिल्याच सीझनला, १९९१ ला, डेट्रॉइटला ४८-४२ ने हरवून अरीनाबोल घेऊन गेली.