रात्री अडीचचा फोन

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायला सांगितलंय ते परदेशी विद्यापीठांत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी. तिथं जाऊन त्यांना काय मिळतं, याविषयी. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. तासगाव, विटा, मिरज, पलूस, कुठकुठली पोरं आईवडलांना घेऊन माझ्या टेबलासमोर बसून गेली. वडील सातबारा पुढं करायचे आणि आई पर्सचा बंद उगीच उघडझाक करत बसायची. म्हणून पैशाचं आधी उरकते, म्हणजे मग मला जे सांगायचंय ते निवांत सांगता येईल.

शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर गेलात की बहुतेक वेळा घर, जमीन, ठेव असं काहीतरी गहाण ठेवावं लागतं. हप्ते सुरू होतात ते शिक्षण संपल्यावर, वर्षभराच्या सवलतीनंतर. पण व्याज? व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पुन्हा सांगते, हप्ता नंतर, व्याज पहिल्या दिवसापासून. निम्म्या घरांना हे दोन वर्षांनी कळतं आणि मग बँकेनं फसवलं म्हणतात. जमत असेल तर शिकतानाच नुसतं व्याज भरत चला, पुढचं ओझं हलकं होतं.

आणि एक. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही म्हटलं की लोकांना सगळंच फुकट वाटतं. तसं नसतं. बहुतेकांना वर्षभराच्या खाण्याराहण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, भरून दाखवावे लागतात, तेव्हाच व्हिसा. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. दर महिन्याला त्यातले ९९२ युरोच हातात पडतात. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडं लग्नाआधी नवऱ्यामुलाला असं खातं उघडायला लावलं पाहिजे. असो.

तर आमचा भाचा. म्हणजे भावाचा मुलगा. भावाचं घर सांगलीजवळ हरिपूरला. तीन पिढ्या हळदीच्या अडतीत गेल्या. आमचे अण्णा मार्केट यार्डात सौदे बघत म्हातारे झाले. बोटांच्या पेरांतला पिवळेपणा कधी गेला नाही त्यांच्या. भाचा स्थापत्य अभियंता झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात जर्मनीत ड्रेस्डेनला गेला, पाणी या विषयात मास्टर्स करायला. निघताना आईनं बॅगेत काय काय कोंबलं ते तुमच्या घरचंच आठवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचे दोन पुडे. भडंगावरून बोलायचं तर हल्ली पाकिटातल्या भडंगात साखर इतकी असते की लसूण शोधावा लागतो, पण ते पुन्हा कधीतरी. त्यातच होती घरच्या हळदीची किलोभर पिशवी आणि कपडे धुवायच्या साबणाच्या चार निळ्या वड्या. तिथं साबण मिळत नाही अशी वहिनीची पक्की समजूत.

हळद आणि साबणाची वडी. ही दोन्ही लक्षात ठेवा.

तिथं चार जण एका घरात. स्वयंपाकघर सामाईक, आणि कुणी कधी काय साफ करायचं याचा तक्ता भिंतीवर. आमच्या घरात हा मुलगा पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नव्हता. दोष त्याचा नाही, आमचा. आणि खास करून माझा, कारण लाडात मी सगळ्यांच्या पुढं. पहिल्या महिन्यात तक्त्यावर त्याच्या नावापुढं तीन लाल फुल्या पडल्या.

डिसेंबरातली गोष्ट. एके संध्याकाळी यानं आमटी केली आणि वरून फोडणी द्यायला गेला. फोडणी तडतडून उडाली ती टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर. ते कापड घरातल्या एका मुलीचं, तिच्या आईनं नाताळसाठी पाठवलेलं. कडेला बारीक भरतकाम. मधोमध वाटीएवढा पिवळा डाग. ती मुलगी बाहेर गेली होती.

यानं विचार केला, ती यायच्या आत धुऊन टाकू. बाथरूममध्ये गेला, निळी वडी काढली आणि लागला घासायला. आणि श्रोतेहो, तो डाग झाला लाल. पिवळ्याचा लाल! तुम्ही घरात हसत असाल, कारण तुम्हाला हे माहीत आहे. हळदीच्या कपड्याला साबण लावला की लाल होतो, यात नवल ते काय. पण या पठ्ठ्यानं आयुष्यात रुमाल धुतला नव्हता. तो घाबरला. घाबरून त्यानं आणखी साबण लावला. डाग आणखी लाल. बेसिन लाल, बोटं लाल, पांढऱ्या फरशीवर लाल थेंब.

नेमकी तेवढ्यात ती मुलगी आली. दारात उभी. बघते तर हा मुलगा बेसिनवर वाकलेला, हाताखाली सगळं लालेलाल. ती किंचाळली. दुसरा मुलगा धावत आला, त्यानं प्रथमोपचाराची पेटी आणली आणि याचा हात वर धरून ठेवला. तिसरा ११२ लावायला फोन शोधतोय. आमचा भाचा ओरडतोय, ‘हळद, हळद!’ जर्मनांना हळद काय कळणार? त्यांना वाटलं, वेदनेनं ओरडतोय. शेवटी त्याला दुकानातल्या डबीवरचा शब्द आठवला. ‘कुर्कुमा! कुर्कुमा!’ मग सगळे थांबले.

त्या तिसऱ्या मुलानं फोन खाली ठेवला. तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी. त्यानं स्वयंपाकघरातून लिंबू आणलं आणि त्या लाल डागावर दोन थेंब पिळले. डाग पुन्हा पिवळा! मग पुन्हा साबण, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. कापड राहिलं बाजूला, रात्री दहा वाजता चौघंही बेसिनभोवती उभे राहून हाच खेळ खेळतायत. आणि मग त्या मुलानं याला विचारलं, ‘तू हळदीच्या गावचा ना? मग हे असं का होतं?’

भाच्याला उत्तर येईना. ‘अरे, २०१८ साली आमच्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय,’ एवढं मात्र त्यानं सांगितलं. त्या मुलानं मान हलवली. ‘छान. पण लाल का होतं?’

यानं घरी फोन लावला. तिथं रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडं अडीच. आपल्या घरात रात्री अडीचला फोन वाजतो तो एकाच कारणासाठी, ते मी सांगायला नको. भावाच्या हातातून फोन निसटला. वहिनी देवाच्या खोलीकडं वळली. शेवटी फोन घेतला आमच्या आईनं. वय ऐंशी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘साबण कुणी लावायला सांगितला होता तुला? मेल्या, कुंकू कशाचं करतात? हळदीला चुना लावला की कुंकू. साबण लावलास, झालं कुंकू.’ आणि मग म्हणाली, ‘आता काही करू नकोस. उन्हात टाक. हळद पाण्याला भीत नाही, उन्हाला भिते.’

भाच्यानं ते इंग्रजीत त्या तिघांना सांगितलं, आणि रसायनवाल्यानं त्याचा अर्थ लावला. चुना आणि साबण दोन्ही अल्कली, म्हणून लाल. लिंबू आम्ल, म्हणून पिवळा. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेला-अल्कोहोलात विरघळतो, आणि उजेडानं मोडतो. रसायनवाल्यानं सगळं तपासून पाहिलं. आमची आई सातवी पास. तिचं एक वाक्यही खोटं निघालं नाही.

आता ऊन आणायचं कुठून? ड्रेस्डेनला डिसेंबरात चार वाजता अंधार. ते कापड त्यांनी खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. जो तो येताजाता डाग बघायचा. मार्चअखेर नखाएवढी फिकट पिवळी कड उरली. ती त्या मुलीनं तशीच ठेवलीय म्हणे.

झाली माझी गोष्ट. वेळ बराच गेला, स्टुडिओतले लोक समोरच्या काचेतून मला खुणावतायत.

मला सांगायचंय ते एवढंच, की त्या मुलाला तिथं काय मिळालं? पदवी मिळेल. नोकरी मिळेल, नाही मिळेल. पण जी वस्तू त्याच्या घरात तीन पिढ्या पोत्यांनी पडून होती, तिच्याबद्दल पहिला प्रश्न त्याला ड्रेस्डेनच्या बाथरूममध्ये पडला. घरात हे कुणी विचारत नाही. घरात सगळ्यांना माहीत असतं. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, आठवतंय? आपण सगळे भडकलो, हे तर आमच्या आजीला ठाऊक आहे म्हणून. पण १९९७ साली ते रद्द झालं ते भडकण्यानं नव्हे, आपल्या शास्त्रज्ञांनी जुने लेखी पुरावे काढून पुढं ठेवले म्हणून. माहीत असणं वेगळं आणि विचारणाऱ्याला सांगता येणं वेगळं. पुन्हा म्हणते, माहीत असणं वेगळं, सांगता येणं वेगळं.

शेजारच्या साताऱ्याचंच बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलाचं नाव तिथल्या शाळेत दाखल झालं, तो मुलगा १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. बाबासाहेब आंबेडकर. तिथं १९१६ साली त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. पुढं लंडनला डॉक्टरेट मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. इतक्या लांब जाऊन विषय घेतले ते इथलेच. हल्ली मुलगा विमानात बसायच्या आत चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, गॉगल घातलेला, आणि खाली शुभेच्छुकांचे पन्नास फोटो. अभ्यास कशाचा करणार, हे त्या फ्लेक्सवर कधी लिहिलेलं मी वाचलं नाही.

भाच्यानं वर्गात पहिल्यांदा आपला विषय मांडला, तेव्हाही अशीच फजिती. बोलून झालं आणि सगळी मुलं बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला लागली. हा कानकोंडा झाला, कारण आपल्या कॉलेजात बाकं वाजली की समजायचं, सरांची दांडी उडाली. तिथं ती शाबासकी असते. हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याचा विषय पाण्याचा, आणि तिथल्या एल्बे नदीला ऑगस्ट २००२ मध्ये महापूर आला होता, ९ मीटर ४० सेंटिमीटर. आपल्याकडं सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलावर ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ड्रेस्डेनमध्ये पुराची पातळी भिंतीवर कोरून ठेवतात, वर्ष घालून. तिथलं मोठं रेल्वे स्टेशनही बुडालं होतं, ते मात्र एल्बेनं नव्हे, वायसेरित्झ नावाच्या एका छोट्या नदीनं. तिला माणसांनी पूर्वी बाजूला वळवलं होतं. त्या पुरात ती आपल्या जुन्या वाटेनं परत आली आणि थेट स्टेशनात शिरली. आपल्या इथल्या बुजवलेल्या ओढ्यांवर ज्यांनी प्लॉट घेतलेत, त्यांनी हे जरा ऐकावं.

गेल्या मे महिन्यात तो घरी आला होता. मला वाटलं, झोपेल, भटकेल. तर दुसऱ्याच दिवशी वही घेऊन अण्णांच्या खाटेशी बसला. हरिपूरची पेवं तुम्हाला माहीत आहेत, जमिनीखाली हळद साठवायची. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात त्यांची दैना झाली. आम्ही सगळे ‘पेवं बुडाली’ एवढंच म्हणून मोकळे झालो होतो. त्यानं अण्णांना विचारलं, ‘पाणी तोंडातून आत पडलं का बाजूच्या मातीतून पाझरलं? आधी कुठलं पेव भरलं?’

अण्णा बराच वेळ गप्प. मी म्हटलं, झोप लागली वाटतं. मग ते उठून बसले, पायानं खाटेखाली चपला चाचपल्या आणि म्हणाले, ‘इथं बसून कसं सांगू? चल, दाखवतो.’

नमस्कार.