शरणपूर

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला सिग्नल लागला की समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर पत्ता दिसतो, ‘शरणपूर रोड’. आज मी एवढ्या एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. बायबलचा अभ्यासकही असाच एकेका शब्दापाशी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो.

शरणपूर ही मिशनऱ्यांनी 1854 साली वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन 1874 साली इंग्लंडला पोहोचला. पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.

मराठी बायबलात ‘शरणपुरे’ येतात. मूळ हिब्रू शब्द ‘मिक्लात’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात उदाहरण दिलंय: दोघं रानात लाकडं तोडायला गेले, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि सोबत्याला लागून तो मेला. मनात वैर नव्हतं, पण मेलेल्याचा नातेवाईक सूड घ्यायला मागे लागणारच. अशानं पळत शरणपूर गाठायचं. केदेश, शखेम, हेब्रोन वगैरे गावं त्यासाठी नेमलेली.

आपण वाचतो आणि पान उलटतो. अभ्यासक मात्र चार ठिकाणी बोटं घालून बसतो. बायबलच्याच ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात शहर नाहीच, नुसतं ‘ठिकाण’ आहे. आणि मुद्दाम खून केलेल्याला ‘माझ्या वेदीपासूनही ओढून न्या’ असं सांगितलंय. म्हणजे एकेकाळी वेदी हाच आसरा होता. ‘राजे’ या पुस्तकात दावीद राजाचा सेनापती यवाब वेदीच्या कोपऱ्यांवरची शिंगं धरून बसतो, ते त्यामुळेच. ‘अनुवादा’त आधी तीन शहरं, ‘गणना’ या पुस्तकात थेट सहा. हे असं का? जर्मन पंडित वेलहाउझेन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं, की योशिया राजाच्या काळात गावोगावच्या वेद्या बंद पडल्या, तेव्हा वेदीच्या जागी शहरं आली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. त्यावर वाद चालूच आहेत.

त्याहून गमतीची गोष्ट ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. व्हॅटिकनमध्ये बायबलची चौथ्या शतकातली एक ग्रीक हस्तलिखित प्रत आहे. तिच्यात या अध्यायातल्या जवळजवळ तीन ओव्या नाहीतच. नकलाकारानं गाळल्या, की हिब्रू प्रतीत मागाहून कुणी घातल्या? जास्तीच्या मजकुराची भाषा ‘अनुवाद’ या पुस्तकाशी जुळते, म्हणून बरेच जण म्हणतात, मागाहून घातल्या.

हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो पोथ्या शब्दागणिक ताडून पाहिल्या गेल्या. 1919 ला सुरू झालेलं काम 1966 ला संपलं. त्याचे धुरीण सुकथनकर बर्लिनला शिकून आलेले. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपली लाडकी कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेतून बाहेर परिशिष्टात गेली. पोथी कुठल्याही धर्माची असो, कारागिरी हीच. श्रद्धाळू माणसाला आधी टोचते, तीही दोन्हीकडे सारखीच. मला स्वतःला गणपतीचं वाईट वाटलं होतं, हे कबूल करतो.

या कामासाठी हिब्रू, अरामी, ग्रीक तर हव्यातच; शिवाय आधीच्या दोनशे वर्षांची भांडणं वाचायला जर्मन आणि फ्रेंच. विद्यार्थी पाचव्या भाषेची क्रियापदं घोकत असतो तोवर त्याच्या वयाची मुलं नोकरीत कायम झालेली असतात.

आता एक शेवटचं कोडं. शरणपुरात गेलेला माणूस घरी कधी परतणार? गणनेत उत्तर आहे: त्या वेळचा प्रमुख याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, मरेल तेव्हा. का, ते सांगितलेलं नाही. कुणी म्हणतं, याजकाचा मृत्यू हेच प्रायश्चित्त. कुणी म्हणतं, राजा बदलल्यावर कैदी सोडतात, तसंच हे.

इसवी सन 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथाला मात्र वेगळीच काळजी पडलेली. शरणपुरातली माणसं दिवसरात्र काय मागत असतील? म्हणून, त्यात म्हटलंय, प्रमुख याजकांच्या आया त्या लोकांना अन्नवस्त्र पुरवत असत, आपल्या मुलाच्या मरणासाठी त्यांनी प्रार्थना करू नये म्हणून.

नमस्कार.