दहाच्या नोटेवरचा देश

नमस्कार, श्रोतेहो.

जवळ दहाची नोट असेल तर जरा बाहेर काढा. नवी, चॉकलेटी रंगाची. गांधीजींची बाजू खाली करा. मागे कोणार्कचं सूर्यमंदिर दिसेल आणि डाव्या अंगाला एका उभ्या पट्ट्यात बारीक अक्षरांच्या पंधरा ओळी. मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेत मी तीस वर्षं कॅश काउंटरवर बसले. हजारो नोटा रोज बोटांखालून जायच्या, पण या पट्ट्याकडे नीट बघायला मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं.

झवेरी बाजारात सोन्याचं नाजूक काम करणारे कितीतरी कारागीर पश्चिम बंगालमधून आलेले असतात. त्यांतला एक तरुण पोरगा गावी पैसे पाठवायला आला. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. स्लिप हातात घेऊन नुसता उभा. मागची रांग कुरकुरायला लागली. मला काय सुचलं कोण जाणे, मी दहाची नोट उलटी करून काचेखालून पुढे सरकवली आणि दुसऱ्या ओळीवर नख टेकवलं. तो वाकला, ओठ हलवत वाचलं, ‘दश टाका’. आणि असा हसला, जसं परक्या स्टेशनात कुणी गाववाला भेटावा. मग शेजारी बसवून त्याची स्लिप भरून दिली. पुढे कित्येक वर्षं तो माझ्याच खिडकीला यायचा.

त्या दिवसापासून मला त्या पंधरा ओळींचा नाद लागला. पहिली असमिया, दुसरी बंगाली, तिसरी गुजराती आणि शेवटची उर्दू. हा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनी लावलेला आहे. त्यात मराठी आठवी येते. वर सात, खाली सात, आणि बरोबर मधोमध आपलं ‘दहा रुपये’. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

काउंटरवर ज्याला त्याला विचारायचे, तुमच्यात दहाला काय म्हणतात? माटुंग्याचे तमिळ आजोबा म्हणाले, ‘पत्तु’. हॉटेल चालवणारे कन्नड अण्णा म्हणाले, ‘हत्तु’. तमिळमधल्या शब्दारंभीच्या ‘प’चा कन्नडमध्ये ‘ह’ होतो. तमिळ दूध ‘पाल’, कन्नड दूध ‘हालु’. आणि आपण? संस्कृत ‘दश’मधल्या ‘श’चा आपण ‘ह’ केला, म्हणून ‘दहा’. गुजराती, हिंदी, पंजाबी शेजारी ‘दस’वरच थांबले. आपल्यासारखा ‘ह’ मला सापडला तो पार दुसऱ्या टोकाला, आसामात. तिथे दहाला लिहितात ‘दह’. काश्मिरीतही ‘दह’च. ब्रह्मपुत्रेच्या काठचा माणूस आणि गिरगावातला माणूस एकाच वळणानं दहा मोजतो, हे कळलं त्या दिवशी मला घरी जाऊन कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

या ओळी मात्र सहजासहजी शेजारी बसलेल्या नाहीत. आमच्या बँकेपासून हुतात्मा चौक चालत पाच मिनिटांवर. भाषावार प्रांत केले तर देश फुटेल, अशी भीती तेव्हाच्या मोठमोठ्यांना वाटत होती. तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी प्राणांतिक उपोषण केलं आणि डिसेंबर १९५२मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी आंध्र राज्य झालं. मुंबईसह महाराष्ट्रासाठी आपली शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे १ मे १९६०चा दिवस उगवला. देश फुटला नाही. ज्याला त्याला आपल्या भाषेत कारभार मिळाला, म्हणून तो टिकला, असं मला मनापासून वाटतं.

आणि तरी पंधरा ओळींत हा देश मावत नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९५० साली १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. २०११च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा निघाल्या. आपल्याच महाराष्ट्रात बघा. गडचिरोलीतली गोंडी ही तमिळ-तेलुगूच्या कुळातली. मेळघाटातली कोरकू झारखंडातल्या संताळीची बहीण. इथे मुंबईत आरेच्या पाड्यांवर वारली बोलली जाते. ससून डॉकच्या कोळीणबाई भरणा करायला यायच्या, तेव्हा नोटा ओलसर, मिठाचा नि मासळीचा वास असलेल्या. पंख्याखाली पसरून मोजाव्या लागत. त्यांची बोली ऐकताना मला, मराठी असूनही, कान टवकारावे लागत.

उल्हासनगरहून एक वृद्ध सिंधी गृहस्थ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनला येत. फाळणीत कराची सोडून आलेले. ते आले तेव्हा उल्हासनगर हे नावही नव्हतं, कल्याणची छावणी होती. सिंधी १९६७ साली अनुसूचीत आली, पण तिला स्वतःचं राज्य नाही आणि नोटेच्या पट्ट्यावर तिची ओळही नाही. मी एकदा त्यांना पट्टा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पंधराही ओळी बोटानं चाचपल्या. काही बोलले नाहीत.

मग दहाच्या नोटा पुढ्यात ओढून नेहमीसारख्या मोजायला लागले, पुटपुटत, ‘हिकु, ब, टे, चारि, पंज...’ मीही काचेच्या अलीकडून मनात मोजत होते. ‘सत, अठ, नव,’ ते म्हणाले, ‘डह.’ आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, ‘दहा.’