टिंब कुठे द्यायचं?

(पडद्यावर दुरेघी वही, पेन्सिल धरलेला छोटा हात)

ही वही नीट बघा. सहा ओळी लिहिल्यात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टिंब आहे, ठसठशीत, पेन्सिल दाबून दिलेलं. वाचायला घेतलं की असं येतं, 'काल मी मावशीकडे गेले तिथे.' मग खाली 'एक मांजर होतं ते माझ्या.' आणि त्याच्या खाली 'मागे मागे आलं मग मी.' पटकन वाटतं या मुलीला पूर्णविराम समजलाच नाही. पण तसं नाहीये, हिने स्वतःचा एक नियम शोधलाय. लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकांत बहुतेक वेळा एका ओळीत एकच वाक्य असतं, त्यामुळे ओळ संपली की टिंब, हे तिने तिथूनच उचललंय. चूक आहे, पण डोकं लावून केलेली चूक आहे, आणि तिच्यावर लाल पेनाने गोल मारून काहीच होत नाही.

मग करायचं काय? पेन्सिल बाजूला ठेवायला सांगायचं आणि म्हणायचं, मांजराचं काय झालं ते मला तोंडी सांग बघू.

(मुलीचा आवाज, गोष्ट सांगताना)

ऐकलंत? 'काल मी मावशीकडे गेले', आवाज खाली आला, श्वास घेतला. 'तिथे एक मांजर होतं', परत थांबली. 'ते माझ्या मागे मागे आलं', इथे डोळे मोठे झाले आणि आवाज चढला. म्हणजे वाक्य कुठे संपतं ते तिला येतंच, फक्त हे थांबणं वहीत पण दाखवायचं असतं हे तिच्या लक्षात आलेलं नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की पूर्णविराम आधी कानाने शिकवावा आणि व्याख्या खुशाल नंतर. 'वाक्य पूर्ण झाल्यावर पूर्णविराम देतात' हे पाठ करून घेतलं तरी वाक्य पूर्ण झालं हे ओळखायचं कसं, तिथेच तर गाडी अडलेली असते!

या खुणा मुळात आल्या त्या पण मोठ्याने वाचणाऱ्यासाठी. साधारण २२०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अ‍ॅरिस्टोफेनिस नावाचे ग्रंथपाल होते, त्यांनी ग्रीक मजकुरात वर, मध्ये आणि खाली टिंबं द्यायची पद्धत काढली, कारण तेव्हा शब्दसुद्धा एकमेकांना चिकटवून लिहायचे आणि वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळायचं नाही. आपल्या मोडी लिपीतही असंच सलग लिहायचे. आजची चिन्हं मराठीत रुळली ती १९व्या शतकात, मराठीचे अभ्यासक असलेले इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांचं त्यात मोठं काम आहे.

आता मराठीची एक गंमत. इंग्रजीत नवीन वाक्य कॅपिटल अक्षराने सुरू होतं, म्हणजे टिंब राहिलं तरी दुसरी खूण असते. देवनागरीत कॅपिटल नाही, सगळा भार त्या एका टिंबावर. शिवाय तेच टिंब अक्षराच्या डोक्यावर गेलं की अनुस्वार! मुलं पूर्णविराम कधी कधी शिरोरेघेजवळ तरंगता ठेवतात ना, तेव्हा 'खाली, अक्षराच्या पायाशी' असं बोट ठेवून दाखवावं लागतं, नुसतं 'नीट काढ' म्हटलं तर नीट म्हणजे काय हे कळणार कसं.

(तीन कार्ड एकापाठोपाठ)

बाबा आले. बाबा आले? बाबा आले! एकही शब्द बदलला नाही आणि तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि हवेत बोटाने चिन्ह काढायचं, पाच मिनिटांचा खेळ आहे पण पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातो. स्पॅनिशमध्ये तर प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह देतात, तिथल्या भाषा अकादमीने १७५४ मध्ये तसा नियम केला, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की आवाज कसा लावायचा. आपल्याकडे ते शेवटी येतं, म्हणून मुलांना वाक्य वाचायच्या आधी त्याच्या टोकाकडे एक नजर टाकायची सवय लावायची.

आणि हो, 'ती कुठे गेली ते मला माहीत नाही' इथे मुलं हमखास प्रश्नचिन्ह देतात, 'कुठे' दिसलं ना! तेव्हा फक्त विचारा, तू मला विचारतोयस की सांगतोयस? बहुतेक वेळा उत्तर लगेच येतं.

(परत वही, खोडरबर)

सगळी टिंबं पुसून झालीत. आता ती पुटपुटत वाचतेय, आवाज थांबला की पेन्सिल टेकवतेय, पहिलं टिंब 'गेले' नंतर पडलं, ओळ अजून संपलेली नसताना. 'मागे मागे आलं' पाशी पेन्सिल नुसतीच वर धरलीय. ते ती दोनदा म्हणून बघते, एकदा हळू, एकदा जोरात, मग एक उभी रेघ ओढते आणि तिच्या खाली टिंब देते.